रायपूरचा कोरस, परदेशात

1982 साली एडिंबरोच्या फ्रिंज महोत्सवात छत्तीसगढच्या गावखेड्यांतल्या गायक-नटांच्या एका मंडळीला ‘फ्रिंज फर्स्ट’ हे पारितोषिक मिळाले. ‘द स्कॉट्समन’ हे वृत्तपत्र 1973 पासून ते नव्या नाट्यप्रयोगांना देत आले आहे. मंडळी होती ‘नया थिएटर’, नाटक ‘चरणदास चोर’, दिग्दर्शक हबीब तन्वीर. आमच्या रायपुरात हबीबसाहेबांवरचे कोणतेही भाषण या पारितोषिकाच्या उल्लेखाशिवाय संपत नाही. तिथे काय गायले गेले, कोणत्या भाषेत आणि कुणाचे गाणे होते ते, हे सांगायची वेळ आली की मात्र वक्ते घाईत असतात.

तन्वीर 1923 साली रायपुरात जन्मले, पदवीसाठी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. तेव्हा रायपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते आणि राजधानी नागपूर होती. इथल्या मराठी वस्तीचे मूळही बरेचसे त्याच काळात आहे. पुढे मुंबईत इप्टा, दिल्लीत ‘आग्रा बाज़ार’, 1955 मध्ये लंडनची राडा ही नाट्यशाळा, आणि 1956 मध्ये बर्लिन. ब्रेख्तला भेटायचे होते, पण तो काही आठवड्यांपूर्वीच वारला होता. 1958 मध्ये रायपूरला परतल्यावर त्यांनी नाचा पाहिला आणि त्यातले सहा कलावंत ‘मिट्टी की गाड़ी’साठी थेट दिल्लीला नेले.

मराठी वाचकाला नाचा तमाशाच्या आधाराने चटकन कळेल. सोंगाड्याच्या जागी जोक्कड, बाईची भूमिका करणारा पुरुष म्हणजे परी, आणि रात्रभर गाणे, नाच, टवाळी. पण दिल्लीत या माणसांना हिंदी बोलायला लावले गेले. चहूबाजूंनी बसलेल्या लोकांमध्ये खेळ करणाऱ्यांना ‘इथून या, तिथे उभे राहा’ असे शिकवले गेले. गावात जे नट मैदान हलवत, ते रंगमंचावर अवघडून जात. यात दोष आपला होता, त्यांची मातृभाषा आणि त्यांची चाल आपण काढून घेतली होती, हे ध्यानात यायला बारा वर्षे लागली, असे तन्वीरांनीच पुढे सांगितले. 1973 च्या रायपूरच्या नाचा शिबिरातून ‘गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद’ उभे राहिले, तेव्हापासून नटांची भाषा छत्तीसगढी झाली. भाषांतराच्या धंद्यात असल्यामुळे मला ही घटना पारितोषिकापेक्षा मोठी वाटते. दिग्दर्शकाने नटांचे भाषांतर करणे थांबवले, आणि मग ते नट जगभर समजू लागले.

‘चरणदास चोर’ची गोष्ट विजयदान देथांची, मूळ राजस्थानी लोककथेवरची. गुरूपुढे खरे बोलण्याची शपथ घेतलेला चोर शेवटी त्या खरेपणापायीच मरतो. तन्वीरांनी ती छत्तीसगढच्या मातीत आणली ती सतनामी समाजाच्या आधाराने. या समाजासमोर भिलाईच्या मैदानावर ‘चोर चोर’ नावाने तिचा कच्चा प्रयोग झाला होता. गुरू घासीदासांचा जन्म 18 डिसेंबर 1756 चा, गिरौदपुरीचा. त्यांनी मूर्तिपूजा नाकारली, जातीची उतरंड नाकारली आणि सत्य हेच ईश्वराचे नाव मानले. त्यांच्या अनुयायांचे सामूहिक गाणे म्हणजे पंथी. पांढरा ध्वज फडकवणाऱ्या जैतखांबाभोवती तरुण मुले मांदर आणि झांजेच्या ठेक्यावर गात फेर धरतात. लय चढत जाते आणि शेवटी माणसांचे मनोरे उभे राहतात. नाटकात देवदास बंजारे यांचे पंथी पथक हेच करत असे. देवदास 2005 मध्ये गेले, पण पंथी परदेशी रंगमंचावर नेणारा माणूस म्हणून त्यांचेच नाव आजही आधी घेतले जाते. इतर गीते स्वर्णकुमार साहू आणि गंगाराम सखेत यांची. ही नावे भाषणांतून हमखास गळतात.

नाटकाचे इंग्रजी भाषांतर अंजुम कात्याल यांनी केले आणि ते 1996 मध्ये सीगलने छापले. एडिंबरोनंतर चौदा वर्षांनी. म्हणजे स्कॉटलंडच्या प्रेक्षकाच्या हातात तेव्हा हे पुस्तक नव्हते. कानावर पडत होते ते आवाज, ठेका आणि फिदाबाई, लालूराम, गोविंदराम निर्मलकर यांच्यासारख्यांनी घडवलेल्या मंडळीचा सराव. मी ही गीते मराठीत आणून पाहिली तेव्हा पहिल्याच शब्दाला अडखळले. ‘सत’. मराठीत सत्य हा शब्द फार सोवळा झाला आहे, न्यायालयात आणि सुविचाराच्या फळ्यावर राहणारा. त्याला सामाजिक धार हवी असेल तर 1873 पर्यंत मागे, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजापर्यंत जावे लागते. तिथे सत्य म्हणजे उतरंडीला दिलेले आव्हान. पंथीतही तेच आहे. ते एडिंबरोच्या प्रेक्षकाला कळले असेल का, याचे उत्तर पारितोषिक देत नाही.

इथे पुण्याची आठवण होणे अटळ आहे. 1980 मध्ये थिएटर अॅकॅडमीचे तरुण ‘घाशीराम कोतवाल’ घेऊन युरोपला निघाले. तेही एक गाणारेच पथक होते, तेंडुलकरांच्या शब्दांची आणि भास्कर चंदावरकरांच्या संगीताची, ब्राह्मणांची ती जिवंत भिंत. त्यांना निघण्याआधीच अडवले गेले. नाना फडणविसांची परदेशात बदनामी होईल, अशी ओरड झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. परक्या प्रेक्षकाला आपले सगळे समजेल, याची पुण्याला भीती होती. नया थिएटर निघाले तेव्हा रायपुरात तशी ओरड झाली नाही. सतनाम्यांची परदेशात काय प्रतिमा होईल, ही काळजी तेव्हा कुणाच्या मनाला शिवली नसावी. पेशवाईच्या अब्रूला वाली होते.

आक्षेप आला तो सत्तावीस वर्षांनी, घरात. 8 जून 2009 रोजी तन्वीर भोपाळला गेले आणि दोनच महिन्यांत छत्तीसगढ सरकारने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर बंदी घातली. पुस्तकात समाजाचा अपमान आहे, असा आक्षेप सतनामी समाजाच्या एका धर्मगुरूंनी घेतला होता. देशभरच्या रंगकर्मींनी निषेध केला, तो योग्यच होता. पुस्तके बंद करून कोणाचा मान वाढत नाही. पण निषेधाच्या पत्रकांत आक्षेप घेणाऱ्याकडे अडाणी म्हणून पाहण्याचा जो सूर होता, तो मला तेव्हाही खटकला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हिणवले गेले, त्यांचे पवित्र गाणे एका चोराच्या गोष्टीत गायले जाते तेव्हा त्यांनी ‘हा चोर कोण?’ असे विचारणे हे वाचनच आहे. तन्वीरांपाशी त्याचे उत्तर होते. चोर हाच नाटकातला एकमेव खरा माणूस, आणि राजदरबार खोटा. ते उत्तर रंगमंचावर गाण्यातून ऐकू येते. छापील पानावर गाणे तिरप्या टायपात उरते आणि डोळा संवादांवर थांबतो.

नाटकातले ते पंथी गीत मी अजून मराठीत पुरे केलेले नाही. 18 डिसेंबरला इथे पथके गातात तेव्हा वही घेऊन जाते. शब्द उतरवून होतात, पण ठेका बदलला की मुले तेच शब्द वेगळ्या जागी तोडतात, आणि माझी ओळ पुन्हा चुकते.