परक्या देहातला जीव: एका कथायुक्तीची कुळकथा

दोन माणसांचे जीव एकमेकांच्या देहात जातात, ही कल्पना आज अमेरिकी मालिकांची मिरास वाटते. पण तिचं एक जुनं घराणं आपल्याकडचं आहे. सातव्या शतकाच्या आसपासच्या ‘भगवदज्जुकीयम्’ या संस्कृत प्रहसनात नावाच्या घोटाळ्यामुळे यमदूत भलत्याच वसंतसेनेचा, एका गणिकेचा, प्राण नेतो. शांडिल्य या शिष्याला योगाचा प्रताप दाखवावा म्हणून त्याचा गुरू, एक परिव्राजक, त्या गणिकेच्या निष्प्राण देहात शिरतो. चूक उमगून यमदूत परततो, तर जागा भरलेली. मग तो गणिकेचा प्राण संन्याशाच्या रिकाम्या देहात घालून मोकळा होतो. गणिका अध्यात्म सांगू लागते, संन्यासी प्रियकरासाठी झुरू लागतो, आणि शेवटी जो तो आपापल्या देहात. पुढे 1882 मध्ये एफ. अ‍ॅन्स्टी यांच्या ‘व्हाइस व्हर्सा’ या इंग्रजी कादंबरीत बापलेकांची अदलाबदल झाली, तीही भारतातून आणलेल्या गरुडाच्या मंतरलेल्या दगडामुळे. मुलाच्या रूपातला बाप शाळेत मास्तरांचा जाच सोसतो आणि शहाणा होऊन घरी येतो. अदलाबदल ही जिच्यावर ओढवते त्या व्यक्तीची फजिती किंवा शिकवणी, असा हा साचा होता.

माझ्या मते अद्भुत मालिकांनी या साच्यातला परीक्षार्थीच बदलला. ‘बफी द व्हँपायर स्लेयर’चे फेब्रुवारी 2000 मधले दोन भाग पाहावेत. बफीची एकेकाळची साथीदार, आता वैरीण झालेली फेथ एका यंत्राच्या जोरावर बफीचा देह बळकावते. इथे खरी कसोटी लागते ती भोवतालच्या माणसांची. आई जॉइसला आपल्या लेकीच्या जागी दुसरीच कुणी आहे हे ओळखू येत नाही. प्रियकर रायली तिच्याबरोबर रात्र घालवतो आणि प्रेमाची कबुलीही देऊन बसतो. फेथच्या देहातल्या खऱ्या बफीला आपला मार्गदर्शक जाइल्ससमोर खासगी खाणाखुणा सांगून स्वतःला सिद्ध करावं लागतं. काहीतरी बिनसलंय हे हेरते मैत्रिणीची मैत्रीण टारा, जी बफीला त्याआधी कधी भेटलेलीही नसते. ‘ओळखणं’ हे सहवासाने आपोआप मिळतं, हा समज मालिकेने इथे मोडीत काढला.

यावर आक्षेप येईल की रायलीला दोष देणं अन्यायाचं आहे; चेहरा, आवाज, स्पर्श सगळं तेच असताना त्याने ओळखावं तरी कसं? आक्षेप रास्त आहे. किंबहुना रायलीही फसवला गेलाच, आणि त्या रात्रीला रायली आणि बफी या दोघांपैकी कुणाचीच खरी संमती नव्हती, हे मालिकेने अधिक स्पष्ट म्हणायला हवं होतं. पण दोष नसतानाही दुखावणं असतं, आणि बफीचं दुखणं नेमकं तेच आहे. दुसरा आक्षेप असा की हा सगळा नटांना मिरवायला दिलेला वाव. बफी साकारणारी सारा मिशेल गेलर फेथची चाल, फेथचा उर्मटपणा उचलते तेव्हा मजा येते, हे खरंच. तरी एक जागा या आक्षेपाला पुरून उरते. आरशासमोर फेथ बफीच्या सज्जनपणाची नक्कल करत एक वाक्य चेष्टेने घोकते. नंतर चर्चमध्ये ओलीस धरलेल्या माणसांना वाचवायला गेल्यावर तेच शब्द तिच्या तोंडून गांभीर्याने निघतात. आणि समोर आलेल्या स्वतःच्याच चेहऱ्यावर ती तुटून पडते. बफीला लोक ज्या नजरेने बघतात ती फेथने अनुभवलेली असते. ती आपल्या वाट्याची नाही, हा तो संताप आहे.

प्रहसनात देह परत मिळाला की पडदा पडतो. मालिकेला पुढचा आठवडा असतो, आणि मला फरक दिसतो तो इथे. ‘एंजल’ या जोडमालिकेत त्याच वर्षी फेथ पोलिसांच्या स्वाधीन होते, तरी बफी तिला माफ करत नाही. ‘बफी’च्या पाचव्या पर्वात रायली बफीला सोडून जातो. त्याला इतर कारणं होती, पण तिच्या मनात आपल्याला पुरती जागा नाही ही त्याची तक्रार या अदलाबदलीच्या शेजारी ठेवून पाहिली, तर ती एकट्या पाचव्या पर्वाची वाटत नाही.