फांशांचें नगर

मेजाभोंवतीं बसून एकेकानें कल्पित पात्राची भूमिका घ्यावी व फांशांच्या कौलानें कथा पुढें न्यावी, असा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. त्याची पार्श्वभूमि बहुतांशीं मध्ययुगीन होती. प्रबोधनकालीन पार्श्वभूमि शोधणारे पुष्कळदां केवळ पोशाख व शस्त्रें बदलतात. पण युगाचें मर्म वेषांत नसून संस्थांत असतें.

फ्लॉरेन्स पाहा. तेथील सिन्योरिया या सत्ताधारी मंडळाचे नऊ सभासद अवघ्या दोन महिन्यांसाठीं, थैलींतून चिठ्ठ्या काढून निवडले जात. म्हणजे फांसा राज्यघटनेंतच होता! मात्र थैलींत कोणाचीं नांवें पडावींत, हें मेदिची घराण्याचे हस्तक पाहत. २६ एप्रिल १४७८ रोजीं पात्सी पक्षाच्या कटवाल्यांनीं भर चर्चमध्यें जुलियानो मेदिचीचा वध केला. त्याचा भाऊ लोरेन्झो जखमी होऊनहि निसटला आणि कट फसला.

त्याच नगरांत जन्मलेल्या माकियावेलीनें १५१३ सालीं मनुष्याच्या कृतींपैकीं निम्म्या दैवाधीन मानल्या व उरलेल्या मनुष्याकडे सोंपविल्या. या दोहोंमधील झगडा जेथें जिवंत असेल, तेथेंच जाणत्यानें आपला पट मांडावा.