डिझेलसाठी मुद्दाम तयार केलेला व्हॅक्यूम

अमेरिकेतल्या जुन्या पिकअपचे गिअर झटक्याने पडू लागले, सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागला आणि जमिनीवर थेंबही न सांडता ट्रान्समिशन ऑइल कमी होत गेलं, की जाणता मेकॅनिक आधी गिअरबॉक्सवरच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाच्या डबीची इंजिनकडे जाणारी रबरी नळी काढून बघतो. नळीत लाल तेल सापडलं तर निदान झालंच: डबीतला पडदा फाटलाय आणि इंजिन ते तेल ओढून जाळतंय. जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक ४०० वर एक बोल्ट आणि पकड काढली की डबी हातात येते. मागचा छोटा व्हॉल्व्ह घरंगळून पडणार नाही, एवढं मात्र जपायचं. १९६४ साली आलेल्या या गिअरबॉक्सने आणि १९६६ च्या फोर्ड सी-६ ने अमेरिकी पिकअपची एक अख्खी पिढी ओढली. इंजिनवर भार किती, हे दोघांनाही इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूमच सांगायचा. इंजिन आयडलिंगला असताना तो साधारण १७ ते २१ इंच पारा असतो; अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की जवळपास शून्यावर येतो. व्हॅक्यूम घटला की डबीतली स्प्रिंग जोर करते, तेलाचा दाब वाढतो आणि गिअर उशिरा, घट्ट पडतो.

पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम फुकट मिळतो म्हणून ही युक्ती निघाली, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. १९८२ च्या सुमारास जनरल मोटर्सचं ६.२ लिटर आणि १९८३ मध्ये फोर्डचं ६.९ लिटर डिझेल इंजिन पिकअपमध्ये आलं. डिझेलला थ्रॉटल नाही, म्हणून मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्यूमही नाही. तरीही कंपन्यांनी मॉड्युलेटर सोडला नाही. व्हॅक्यूम पंप बसवून त्याला खाद्य पुरवलं. पंप इतर कामांसाठीही लागत होता, असं कुणी म्हणेल. पण पंपाच्या एकसारख्या व्हॅक्यूमवरून भार कळत नाही. त्यासाठी इंजेक्शन पंपावर वेगळा रेग्युलेटर व्हॉल्व्ह लावावा लागला, आणि तो खटाटोप गिअरबॉक्ससाठीच होता. पर्याय नव्हता असंही नाही: क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट थ्रॉटलच्या दांडीवर चालत होता.

मग ही हौस कशाला? तयार गिअरबॉक्स पुन्हा आखण्यापेक्षा पंप स्वस्त, हा हिशेब असणारच. पण माझ्या मते या डबीची खरी किंमत तिच्या बिघडण्याच्या रीतीत आहे. नळी निसटली की गिअरबॉक्सला वाटतं, भार पूर्ण आहे. दाब चढतो, गिअर दणके देतो, पण क्लच घसरून जळत नाही. थ्रॉटलची केबल सैल बसवली तर नेमकं उलटं होतं: दाब पडतो आणि क्लचप्लेटी मुकाट्याने जळतात. रबर कुजतं, डेनव्हरसारख्या १,६०० मीटर उंचीवरच्या गावात व्हॅक्यूम सुमारे पाच इंचांनी कमी भरतो, हे आक्षेप रास्तच आहेत; दुसऱ्यावर उपाय म्हणून काही मॉड्युलेटरांत हवेचा दाब जोखणारी धातूची घडीदार डबी घातली गेली. पण या दोन्ही उणिवांचा कल जादा दाबाकडेच आहे, म्हणजे निभावून नेता येईल अशा बाजूला. पुढे सी-६ वरून १९८९ साली ई४ओडी निघाला, ४०० वरून १९९१ साली ४एल८०-ई. मॉड्युलेटर गेला, दाब संगणकाच्या हुकमतीतल्या सोलेनॉइडकडे आला. त्या सोलेनॉइडची वीज तुटली, तर तेलाचा दाब आजही कमाल पातळीवरच जातो.