लिनक्सवर मराठी मजकूर विस्कळीत दिसल्यास : दोष ओळखण्याची रीत

लिनक्स प्रणालीवर एखादे मराठी संकेतस्थळ उघडावे आणि अक्षरांच्या जागी चौकोन दिसावेत, वेलांटी भलत्याच अक्षराला लागावी, रफार नाहीसा व्हावा किंवा पान सरकवताना काळे पट्टे उमटावेत, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी ब्राउझर काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा उपयोग क्वचितच होतो, कारण यातील बहुतेक दोष ब्राउझरच्या स्थापनेत नसतात. दोषाचे स्वरूप नीट पाहिले, तर त्याचे मूळ कोठे आहे हे बहुधा काही मिनिटांत कळू शकते.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ सुबकतेचा नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ डोंगरातील खोल जागा, दुसऱ्याचा समुद्र. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांत स्वयंपाकी आणि गुरू यांचा फरक आहे. पडद्यावर एक खूण चुकली की अर्थ पालटतो. अर्जात, प्रमाणपत्रात किंवा परीक्षेच्या सूचनेत असे घडले, तर त्याचा भुर्दंड वाचकाला बसतो.

मजकुराचा चार टप्प्यांचा प्रवास

मजकूर पडद्यावर उमटण्यापूर्वी चार टप्प्यांतून जातो. पहिला टप्पा संकेतांकनाचा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला व चिन्हाला एक क्रमांक असतो. देवनागरीसाठी १२८ स्थानांचा विभाग १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून राखलेला आहे. दुसरा टप्पा फॉन्टचा. त्या क्रमांकाचे चित्र कोणत्या फॉन्टमधून घ्यायचे, हे येथे ठरते. तिसरा टप्पा अक्षरजुळणीचा. जोडाक्षरे घडवणे, वेलांटी अक्षराच्या अलीकडे आणणे, रफार पुढील अक्षराच्या माथ्यावर नेणे ही कामे येथे होतात. चौथा टप्पा चित्रणाचा. तयार झालेले पान संगणकातील ग्राफिक यंत्रणा पडद्यावर रंगवते.

पहिल्या तीन टप्प्यांतील दोष अक्षरांत दिसतो. चौथ्या टप्प्यातील दोष अक्षरे, चित्रे आणि रिकामी जागा असा भेद करत नाही. हा फरक लक्षात ठेवला, तर निम्मे निदान तेथेच होते.

प्रथम करावयाच्या तीन तपासण्या

पहिली तपासणी अशी. बिघडलेला मजकूर निवडून त्याची प्रत साध्या मजकूर-संपादकात चिकटवावी. तेथे तो नीट दिसला, तर मूळ मजकूर शुद्ध आहे आणि दोष पानाच्या मांडणीत, पानाने निवडलेल्या फॉन्टमध्ये किंवा ब्राउझरच्या मांडणीविषयक सेटिंगमध्ये आहे. तेथेही तो तसाच दिसला, तर मजकूर किंवा संगणकावरील फॉन्ट यांकडे वळावे.

दुसरी तपासणी दुसऱ्या ब्राउझरची. मात्र तिचा अर्थ काळजीपूर्वक लावावा लागतो. आज फायरफॉक्स आणि क्रोम हे दोन्ही ब्राउझर अक्षरजुळणीसाठी 'हार्फबझ' हीच मुक्त प्रणाली वापरतात. त्यामुळे जोडाक्षर दोन्हींत सारखेच बिघडले, तर ब्राउझर बदलून काही साधणार नाही. उलट पान रंगवण्याची यंत्रणा दोघांची वेगळी आहे. म्हणून काळे पट्टे किंवा लुकलुकणे केवळ एकात आढळले, तर त्याच ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शोध घ्यावा.

तिसरी तपासणी विस्तारांची. फायरफॉक्समध्ये मदत यादीतील 'ट्रबलशूट मोड' निवडल्यास ब्राउझर विस्तारांविना आणि हार्डवेअर प्रवेगाविना सुरू होतो. क्रोममध्ये अतिथी खिडकी उघडून हीच खातरजमा विस्तारांपुरती करता येते. दोष तेथे नाहीसा झाला, तर विस्तार एकेक करून बंद करावेत.

चौकोन दिसल्यास

चौकोन म्हणजे त्या क्रमांकाचे चित्र कोणत्याही उपलब्ध फॉन्टमध्ये सापडले नाही, अशी खूण. फायरफॉक्स या चौकोनात अक्षराचा युनिकोड क्रमांकही छापतो. पान मोठे करून तो वाचावा. क्रमांकाची सुरुवात शून्य आणि नऊ या अंकांनी होत असेल, तर ते देवनागरी अक्षर आहे आणि संगणकावर देवनागरी फॉन्ट नाही, किंवा ब्राउझरला तो सापडत नाही. क्रमांक रोमन 'ई' किंवा 'एफ'ने सुरू होत असेल आणि चौकोन बटणांच्या जागी असतील, तर पानाचा चिन्हांचा फॉन्ट उतरलेला नाही. अशा वेळी जाहिराती रोखणारे विस्तार आणि जालजोडणी तपासावी.

लिनक्सवर फॉन्ट शोधण्याचे व निवडण्याचे काम 'फॉन्टकॉन्फिग' ही प्रणाली करते. टर्मिनलमध्ये तिची 'एफसी-लिस्ट' ही आज्ञा द्यावी आणि एक जागा सोडून ':लँग=एमआर' असे लिहावे; हे सर्व अर्थातच रोमन छोट्या लिपीत. मराठीला आधार देणाऱ्या फॉन्टांची यादी समोर येते. यादी रिकामी असल्यास प्रणालीच्या सॉफ्टवेअर भांडारातून 'नोटो' किंवा 'लोहित' यांपैकी एक देवनागरी फॉन्ट बसवावा. दोन्ही मुक्त आहेत. लोहित फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये खुले केले. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' हाही चांगला पर्याय आहे. फॉन्ट बसवल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. तरीही फरक न पडल्यास 'एफसी-कॅश' या आज्ञेने फॉन्टांची नोंद नव्याने करून घ्यावी.

यादीत फॉन्ट आहे, अन्य प्रणालींत मराठी नीट दिसते आणि केवळ ब्राउझरमध्ये चौकोन आहेत, असे असल्यास ब्राउझर कोणत्या स्वरूपात बसवला आहे ते पाहावे. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबुंटू २२.०४ पासून त्या वितरणात फायरफॉक्स 'स्नॅप' स्वरूपात दिला जातो. स्नॅप आणि फ्लॅटपॅक ही बंदिस्त स्वरूपे आहेत. त्यांतील प्रणालीला संगणकावरील सर्व फोल्डर खुले नसतात. गैरजागी ठेवलेला फॉन्ट त्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिकृत भांडारातूनच बसवणे श्रेयस्कर.

अनोळखी लॅटिन खुणा दिसल्यास

मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले लॅटिन 'ए' अक्षर वारंवार दिसत असेल, तर फॉन्टचा दोष नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षर तीन बाइटांत साठवले जाते. ब्राउझरने पान जुन्या पाश्चात्त्य संकेतांकनातले समजून वाचले, तर एका अक्षराच्या तीन निरर्थक खुणा होतात. फायरफॉक्समध्ये 'ऑल्ट' कळ दाबून 'व्ह्यू' यादीतील 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' हा पर्याय वापरावा. कायमचा उपाय मात्र संकेतस्थळाच्या चालकांनीच करावयाचा असतो.

साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा अर्थहीन सडा दिसत असेल, तर ते पान बहुधा युनिकोडपूर्व काळातील आहे. तेव्हा अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचे खासगी फॉन्ट वापरत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. असा मजकूर त्याच फॉन्टशिवाय वाचता येत नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच मार्ग उरतो.

वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे

युनिकोडमध्ये मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. 'कि' लिहिताना आधी 'क' आणि नंतर वेलांटी नोंदली जाते. दिसताना वेलांटी आधी येते. ही अदलाबदल अक्षरजुळणीच्या टप्प्यात होते. पूर्वी लिनक्सवर या टप्प्याचीच उणीव होती. फायरफॉक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांत 'पँगो' या प्रणालीचे साहाय्य वितरणानुसार कधी असे, कधी नसे. जून २००८ मधील फायरफॉक्स ३ नंतर परिस्थिती सुधारली. आज अद्ययावत ब्राउझरमध्ये सर्वच जोडाक्षरे मोडलेली दिसली, तर संशय प्रथम फॉन्टवर घ्यावा. काही फॉन्टांत अक्षरे असतात, पण ती जोडण्याचे नियम नसतात.

वेलांटी एखाद्या ठिपक्यांच्या वर्तुळाला लागलेली दिसली, तर मात्र मजकूरच चुकीच्या क्रमाने टंकित झालेला आहे. ते वर्तुळ म्हणजे 'या चिन्हाला आधाराचे अक्षर मिळाले नाही' अशी सूचना होय. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सदोष फॉन्ट असलेल्या संगणकावर अर्ज भरताना अक्षर 'दिसायला बरोबर' यावे म्हणून वेलांटी आधी टंकित करण्याचा मोह होतो. त्या पडद्यावर ते शुद्ध भासले, तरी अन्यत्र सर्वत्र अशुद्ध दिसते, आणि नोंदवहीत नाव शोधताना ते सापडत नाही. आधी पडदा दुरुस्त करावा, मग अर्ज भरावा.

'कऱ्हाड', 'दऱ्या', 'तऱ्हा' यांतील आडव्या लहरीसारख्या 'र'ची गोष्ट याहून नाजूक आहे. तो दोन प्रकारे साठवला जातो : एक, नुक्ता असलेल्या 'ऱ'चा पाय मोडून, दोन, साध्या 'र'चा पाय मोडून त्यापुढे शून्य रुंदीचे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. एखाद्या संकेतस्थळाच्या यंत्रणेने अदृश्य चिन्हे गाळून टाकली, तर दुसऱ्या प्रकारातील लहर जाते आणि तिच्या जागी रफार येतो. चौकोन नाही, वर्तुळ नाही. दिसतो तो एक धडधाकट पण वेगळा शब्द. ब्राउझरमध्ये यावर कोणताही उपाय नाही. म्हणून आपले किंवा गावाचे नाव टंकित करताना पहिला प्रकार वापरणे अधिक सुरक्षित ठरते.

'ल' आणि 'श' यांची रूपे

महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयानुसार पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची प्रमाण रूपे आहेत. अनेक फॉन्टांत हिंदी व मराठी अशी दोन्ही रूपे असतात. कोणते दाखवायचे, हे पानावर नोंदवलेल्या भाषेवरून ठरते. पानावर भाषा 'मराठी' अशी नोंदवलेली नसेल, तर हिंदी रूपे दिसतात. हा ब्राउझरचा दोष नव्हे. आपल्याला मराठी रूपे हवी असल्यास फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये फॉन्ट विभागातील प्रगत पर्याय उघडून देवनागरीसाठी ज्याची मूळ रूपेच मराठी आहेत असा फॉन्ट निवडावा आणि पानांना स्वतःचे फॉन्ट वापरू देण्याची खूण काढावी. त्यामुळे काही पानांवरील चिन्हे बिघडू शकतात, हे ध्यानात असू द्यावे.

शिरोरेषा अक्षराअक्षरांत तुटत असेल, तर पानाच्या मांडणीत अक्षरांमधले अंतर वाढवलेले असण्याची शक्यता अधिक. इंग्रजी मथळ्यांसाठी केलेली ही योजना देवनागरीला मारक ठरते. उकार किंवा मात्रा कापल्या जात असतील, तर ओळीची उंची अपुरी आहे. या दोन्ही प्रसंगी 'कंट्रोल' व शून्य या कळांनी पानाचा आकार मूळपदावर आणून पाहावा, आणि तरीही दोष राहिल्यास फायरफॉक्समधील वाचन-दृश्य वापरावे.

काळे पट्टे, लुकलुकणे, पुसट अक्षरे

चौथ्या टप्प्यातील दोषाचे निदान करण्यास पडद्याचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, उपयोगी पडतो. दोष छायाचित्रात उतरला, तर तो रंगवण्याच्या प्रक्रियेत आहे. उतरला नाही, तर पडदा, केबल किंवा ग्राफिक ड्रायव्हरकडे लक्ष द्यावे.

पहिला उपाय म्हणजे सेटिंगमधील हार्डवेअर प्रवेग बंद करणे. फायरफॉक्समध्ये तो कामगिरी विभागात, क्रोममध्ये सिस्टीम विभागात आहे. त्याने दोष गेला, तर ड्रायव्हर अद्ययावत करावा आणि प्रवेग पुन्हा सुरू करून पाहावा. प्रवेग कायम बंद ठेवल्यास चलचित्रे पाहताना प्रोसेसरवर भार पडतो.

अक्षरे पुसट दिसत असतील, तर फायरफॉक्सच्या मदत यादीतून समस्या-निवारणाच्या माहितीचे पान उघडावे. तेथे खिडकीची पद्धत दिलेली असते. डेस्कटॉप वेलँडवर आणि ब्राउझर 'एक्स-वेलँड'वर चालत असेल आणि पडद्याची पटही सव्वा किंवा दीड अशी अपूर्णांकात ठेवलेली असेल, तर चित्र ताणले जाऊन अक्षरे पुसट होतात. डिसेंबर २०२३ मधील फायरफॉक्स १२१ पासून हा ब्राउझर वेलँड आपोआप वापरतो. त्यामुळे जुनी आवृत्ती असल्यास ती बदलणे पुरेसे ठरते.

तक्रार कोठे करावी

निदान झाल्यावर तक्रार योग्य ठिकाणी पोहोचवणे सोपे जाते. संकेतांकन, गाळलेली चिन्हे किंवा न नोंदवलेली भाषा यांसाठी संकेतस्थळाच्या चालकांना कळवावे. जोडाक्षराचा दोष फॉन्टच्या निर्मात्यांना, आणि पट्टे व लुकलुकणे वितरणाच्या किंवा ब्राउझरच्या दोषनोंदणीत कळवावे. सोबत वितरणाचे व ब्राउझरचे नाव, आवृत्ती, स्थापनेचे स्वरूप, स्क्रीनशॉट आणि बिघडलेला शब्द मजकुराच्या रूपात द्यावा. शब्द केवळ चित्रात दिला, तर तो कोणत्या चिन्हांनी बनला आहे हे दुरुस्ती करणाऱ्याला कळत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरमधील दोषनोंदणी सर्वांना खुली असते. एका वाचकाने नेमकी नोंदवलेली उणीव दूर झाली, तर पुढील आवृत्तीत तो शब्द इतर सर्वांनाही शुद्ध दिसतो.