सिंहस्थ : एका पर्वनामाचा विचार

नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील पर्वास शासकीय कागदपत्रांत ‘सिंहस्थ कुंभमेळा’ असे म्हटले जाते. या जोडनावात दोन राशी शेजारी बसल्या आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘सिंहस्थ’ हे मुळात गुरूचे विशेषण. सिंह राशीत असलेला तो सिंहस्थ. विशेष्य गळाले आणि मराठीत विशेषणच नाम होऊन बसले. ‘सिंहस्थात लग्न करू नये’ म्हणणाऱ्यास गुरूचा उच्चार करावा लागत नाही.

‘कुंभ’ हे नाव मात्र हरिद्वारचे. तेथे गुरू कुंभेत असताना पर्व येते. १६९५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘खुलासत-उत-तवारीख’ या फारसी ग्रंथात कुंभमेळा हे नाव हरिद्वारच्याच मेळ्यास दिलेले आढळते. प्रयागचे मोठे पर्व तर वृषभेच्या गुरूचे. येथील ‘कुंभ’ म्हणजे रास नव्हे, अमृताचा घट होय, असा पक्ष मांडला जातो. परंतु महाभारत व भागवत यांतील समुद्रमंथनाच्या कथेत चार स्थळी अमृतबिंदू सांडल्याचा उल्लेख नाही. कथा नावामागून आली, असेच म्हणावे लागते.

मग सिंहस्थाचे खरे सगोत्र कोणते? २०१५ साली नाशकात सिंहस्थ भरला, त्याच वर्षी त्याच गुरूच्या योगावर राजमहेंद्री येथे गोदावरीचे ‘पुष्करम्’ झाले. पुढील वर्षी गुरू कन्येत जाताच नरसोबाच्या वाडीस कृष्णेचे ‘कन्यागत’ आले आणि आंध्रात कृष्णेचे पुष्करम्. ‘कन्यागत’ हा शब्दही गुरूचेच विशेषण, तोही तसाच नाम झालेला. प्रत्येक नदीस एक रास, ही दक्षिणेची व्यवस्था या नावांत स्पष्ट दिसते. उज्जयिनीचे पर्वही सिंहस्थच. मात्र तेथे सूर्य मेषेत लागतो, नाशकात सिंहेत. (गुरूची प्रदक्षिणा बारा वर्षांस किंचित कमी असल्याने क्वचित अकराव्या वर्षीही पर्व येते; हरिद्वारास २०१० नंतर २०२१ मध्ये ते आले.)

चार कुंभस्थानांची मालिका आखाड्यांच्या भ्रमणाने जोडली गेली असावी. वैष्णव आखाडे रामकुंडावर व शैव कुशावर्तावर स्नान करतात, ही वाटणीही त्या आखाड्यांचीच. गोदाकाठच्या यात्रेकरूच्या तोंडी मात्र आजही ‘सिंहस्थ’ हाच शब्द येतो.