गिर्यारोहणाचे बूट

खडक, घसारा, चिखल आणि बर्फ अशा अवघड वाटांवर पायाला आधार, पकड व संरक्षण देणारे, बहुधा घोटा झाकणारे दणकट बूट. वर जाड चामडे किंवा नायलॉनचे कापड, मध्ये धक्के सोसणारा थर आणि खाली खोल खाचांचा रबरी तळ अशी त्यांची रचना असते. खरा कस तळाचा लागतो. या बुटांचा इतिहासही मुख्यतः तळाचाच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी आल्प्समधील गिर्यारोहक चामडी तळाला लोखंडी खिळे ठोकलेले बूट वापरत. बर्फाळ उतारावर ते उपयोगी पडत. पण जड असत आणि खिळ्यांवाटे ऊब निघून जाऊन पाय गारठत. उभ्या खडकावर ते उतरवून नमद्याच्या तळाचे हलके जोडे घालावे लागत, आणि वर बर्फ लागला की हे जोडे कुचकामी ठरत. १९३५ मध्ये इटली–स्वित्झर्लंड सीमेवरील पुंता राझिका शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक दगावले. त्या मोहिमेत असलेल्या मिलानच्या विताले ब्रामानी यांनी खडक आणि बर्फ दोन्हींवर चालेल असा तळ शोधण्याचा ध्यास घेतला. पिरेल्ली कंपनीच्या साहाय्याने त्यांनी खाचदार रबरी तळ घडवला व १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. हाच ‘व्हायब्रम’ तळ. १९५४ मध्ये के-२ शिखर प्रथम सर करणाऱ्या इटालियन पथकाच्या बुटांना तो होता.

सह्याद्रीत प्रश्न वेगळा आहे. मुरमाड घसाऱ्यावर खोल खाचा रुततात आणि पाय थांबतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही. तिथे मऊ रबर अधिक धरते, पण ते लवकर झिजते. सर्वत्र सारखा चालेल असा तळ नाही. खरेदी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून करावी. अंगठ्यापुढे जागा नसेल तर लांब उतरणीत नखे काळीनिळी पडतात.

अनेक बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत तो नुसता ठेवूनही विरत जातो: वरून बूट नवाकोरा दिसतो, आणि ऐन वाटेत तळ सुटतो. कपाटात काही वर्षे पडून राहिलेला जोड गडावर नेण्याआधी घराजवळ दोन-तीन तास चालून, तळ वाकवून जरूर तपासावा.