किनाऱ्यावरचा अनोळखी स्फटिक : आधी ओळख, मग गुण

१/ रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत, ओहोटीच्या वेळी काळ्या कातळावरून चालताना खडकात रुतलेले पांढरे, चकाकणारे खडे दिसतात. असा खडा हाती आला की दोन प्रश्न एकदमच विचारले जातात : हा कोणता, आणि याचा गुण काय? या दोन्ही प्रश्नांना स्वतंत्र इतिहास आहे. #थ्रेड

२/ प्रथम खड्याचा जन्म. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. घारापुरीची लेणी याच खडकात कोरलेली आहेत. लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत उष्ण, खनिजयुक्त पाणी झिरपले आणि स्फटिक वाढले.

३/ या पोकळ्यांत गारगोटी, अकीक, कॅल्साइट, ॲपोफिलाइट आणि झिओलाइट गटातील स्टिलबाइट, स्कोलेसाइट अशी अनेक खनिजे सापडतात. लोकव्यवहारात मात्र बहुतेकांना ‘गार’ किंवा ‘गारगोटी’ हे एकच नाव पुरते. खनिजशास्त्राच्या दृष्टीने गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. बाकीची खनिजे निराळी.

४/ अशी गफलत प्राचीन काळीही होत असे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आपले चौल ‘सेमुल्ला’ या नावाने येते, आणि पैठणहून भडोचला जाणाऱ्या अकीकवर्गीय दगडांचाही उल्लेख येतो. त्याच शतकातील रोमन लेखक प्लिनी भारतीय स्फटिकाला सर्वाधिक पसंती असल्याचे नोंदवतो.

५/ परंतु स्फटिक म्हणजे अतिशय घट्ट गोठलेले बर्फ, अशीच प्लिनीची समजूत होती. ‘क्रिस्टल’ या शब्दाचे ग्रीक मूळही बर्फवाचकच आहे. गंमत अशी की ॲमेथिस्ट जवळ बाळगल्यास मद्य चढत नाही, हा दावा याच प्लिनीने मांत्रिकांची थाप म्हणून झिडकारला. ओळख चुकली, तरी गुणाविषयी त्याची शंका रास्त होती.

६/ आपल्याकडे सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. शुभ रत्न राजाला लाभते आणि अशुभ रत्न बाधते, ही श्रद्धा तिथे आहे. पण तिच्याबरोबर रत्न पारखण्याची लक्षणेही आहेत.

७/ त्याची हिऱ्याची लक्षणेच पाहा. इतर कोणत्याही पदार्थाने तो भेदला जात नाही, हे निरीक्षण काठिण्याच्या आधुनिक कल्पनेच्या जवळचे आहे. तो हलका असून पाण्यावर तरतो, हे मात्र खरे नाही. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड असतो. एकाच श्लोकात परीक्षा आणि कल्पना शेजारी नांदतात.

८/ रत्नांच्या गुणांचीही परीक्षा झाली. पाचू पाहताच साप आंधळा होतो, अशी जुनी समजूत होती. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने सापासमोर पाचू धरून नऊ महिने नाना प्रकारे प्रयोग केले. साप आंधळा झाला नाही.

९/ सोळाव्या शतकात गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही वैद्य होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने हिरा विषारी असल्याची समजूत खोडून काढली. दाखला साधा : चोरीसाठी हिरे गिळणारी माणसे मरत नाहीत.

१०/ किनाऱ्यावरच्या आपल्या खड्याला शास्त्रीय नाव मिळायला अठरावे शतक उजाडले. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेटने फुंकनळीच्या ज्वाळेत एक खनिज तापवले. ते उकळल्यासारखे फसफसले. म्हणून नाव पडले झिओलाइट, म्हणजे ‘उकळणारा दगड’. १८०६ साली फ्रान्सच्या आयुईने ॲपोफिलाइटचे बारसे केले. तापवल्यावर त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून ते नाव.

११/ १८५६ ते १८६३ या काळात हजारो मजुरांनी बोरघाटाचा कातळ फोडून रेल्वेमार्ग काढला. त्या कामात सुंदर स्फटिक बाहेर पडले आणि युरोपातील संग्रहांत पोहोचले. तज्ज्ञही चुकत : पुण्याजवळच्या एका खनिजाला नवे समजून ‘पूनालाइट’ नाव दिले गेले, ते आधीच ज्ञात असलेले मेसोलाइट निघाले.

१२/ आज प्राथमिक ओळख घरीही पटवता येते. काचेवर सहज ओरखडा उठला, तर गारगोटी असण्याचा संभव अधिक. सौम्य आम्लाच्या थेंबाने जोरात फसफसले, तर कॅल्साइट. एकाच दिशेने सपाट पापुद्रे सुटत असतील आणि त्या पृष्ठावर मोत्यासारखी झाक असेल, तर ॲपोफिलाइटचा विचार करावा. नक्की निदान प्रयोगशाळेतच होते.

१३/ आता ‘गुणां’कडे. ॲपोफिलाइट ‘तिसरा डोळा’ उघडते, स्टिलबाइट निद्रानाश घालवते, अशा जाहिराती ‘प्राचीन भारतीय ज्ञाना’च्या नावाने केल्या जातात. वस्तुतः स्फटिकोपचाराची ही लाट १९७०-८०च्या दशकांत अमेरिकेत उसळली. दगड दख्खनचा, चक्रांची परिभाषा संस्कृत. गुणांची यादी मात्र परदेशी बाजारातून परत आलेली.

१४/ याही दाव्याची परीक्षा झाली आहे. २००१ साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी ८० जणांवरील प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. काहींच्या हाती खरा स्फटिक होता, काहींच्या हाती नकली. ऊब, झिणझिण्या, शांतता या अनुभूती दोन्ही गटांत सारख्याच होत्या; अपेक्षा जागी केल्यास त्या वाढत.

१५/ देव्हाऱ्यात स्फटिकाचे शिवलिंग पुजणाऱ्याच्या श्रद्धेशी इथे वाद नाही. प्रश्न वेगळा आहे : मधुमेहाची गोळी बंद करून कोणी उशाशी खडा ठेवतो, तेव्हा त्याच्या विश्वासाला इतिहासाची खोटी साक्ष दिली जाते.

१६/ म्हणून विक्रेत्याने प्राचीन ग्रंथांचा हवाला दिला, तर तीन गोष्टी विचाराव्यात : कोणता ग्रंथ, कोणता अध्याय, आणि तिथे या दगडाचे नाव काय? ज्या खनिजाला १८०६ साली नाव मिळाले, त्याचे गुण सहाव्या शतकात लिहून ठेवले होते, असे सांगणाऱ्याला हे तिसरे उत्तर द्यावेच लागेल.